डबल शॉकर आणि खरी फुल सस्पेन्शन

सायकलच्या दुकानात मागच्या चाकापाशी जाडजूड लाल स्प्रिंग दिसली की पोरं तिथेच थबकतात. दुकानदारही ‘डबल शॉकर आहे, डोंगरावर न्या नाहीतर कुठेही’ म्हणून मोकळा होतो. किंमत बारा-पंधरा हजार. दुसरीकडे ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या पायवाटांवर, चालवायची फुल सस्पेन्शन बाइक लाखाच्या बऱ्याच पुढे जाते, आणि तिलाही एक शॉकअप पुढे, एक मागे. फोटोत दोघी बहिणी वाटतात. मग साहजिकच प्रश्न पडतो की उरलेले पैसे जातात कुठे.

उत्तर दुकानातच मिळतं, त्यासाठी टेस्ट राइडही नको. सायकल उभी धरा, सीटवर अंग टाकून दाबा आणि एकदम सोडा. डबल शॉकर टणकन वर येते, परत खाली, परत वर. खरी ट्रेल बाइक जरा सावकाश वर येते आणि तिथेच थांबते. ही सावकाशी तेलाची करामत. शॉकच्या आत पिस्टनच्या बारीक छिद्रांतून तेल ढकललं जातं आणि दणक्याचा जोर उष्णता होऊन तिथेच जिरतो. ऑफिसच्या काचेच्या दारावरचा क्लोजर आठवा, आत तेल नसतं तर दार दर वेळी आपटलं असतं. स्वस्त सायकलीत बहुधा स्प्रिंग तेवढी असते. ती दणका खाते आणि जवळपास तेवढाच परत देते. उतारावर दगडावरून गेलात की मागचं चाक उसळतं, आणि हवेतल्या चाकाला कितीही ब्रेक लावा, उपयोग शून्य.

त्या स्प्रिंगवर अनेकदा 750 असा आकडा छापलेला असतो. तो ताकदीचा शिक्का वाटतो, पण त्याचा अर्थ इतकाच की ती एक इंच दबायला 750 पौंड जोर लागतो. पन्नास किलोचा कॉलेजकुमार आणि नव्वद किलोचे त्याचे बाबा, दोघांना तीच स्प्रिंग. वरची चकती फिरवून ‘कडक करता येते’ असं सांगतात. त्याने स्प्रिंग आधीच थोडी आवळली जाते, तिचा मूळ कडकपणा बदलत नाही. एअर शॉकमध्ये मात्र स्प्रिंगच्या जागी हवाच असते, आणि ती आपल्या वजनाप्रमाणे भरता येते. शॉकच्या दांड्यावर एक छोटी रबरी रिंग असते. ती शॉकच्या जाड भागाला टेकेपर्यंत सरकवायची, बॅग-बूट-हेल्मेटसकट सायकलवर बसायचं, न उसळता हळूच उतरायचं आणि रिंग किती सरकली ते मोजायचं. शॉकचा स्ट्रोक, म्हणजे तो जास्तीत जास्त दबतो ते अंतर, 50 मिमी असेल तर साधारण 13 ते 15 मिमी सरकायला हवी. हवा भरायला शॉकचा वेगळा पंप लागतो, कारण आतला दाब 200 पीएसआयच्या वरही जातो.

उरलेला फरक सांध्यांत आणि वजनात. महाग बाइकच्या मागच्या सांध्यांत सीलबंद बेअरिंग असतात, स्वस्तात बऱ्याचदा प्लास्टिकचे बुश, म्हणजे साध्या नळकांड्या. ते झिजले की मागचं चाक आडवं हलायला लागतं. डबल शॉकरचं वजन सहज 17-18 किलो, आणि मागे लॉकआउट, म्हणजे चढावर शॉक दबू नये म्हणून तो बंद करायची सोय, नाही. ठाण्यात उपवनपासून येऊरचा चढ किंवा नवी मुंबईत खारघरच्या टेकडीवर फणसवाडीकडे जाणारा रस्ता उभं राहून चढून बघा. प्रत्येक पेडलला सीट खाली दबते, म्हणजे पायातली निम्मी मेहनत स्प्रिंग दाबण्यात जातेय असं वाटतं. नवी मुंबईच्या गुळगुळीत पामबीच रस्त्यावर ती मिरवायला ठीक, पण तिथे मागे शॉकअप हवाय कशाला?

जाता जाता, येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतं. तिथे दिसेल त्या पायवाटेवर सायकल घालता येत नाही. बाइक घेण्याआधी ती चालवणार कुठे, हे ठरवलेलं बरं.

आता बजेटचं. पन्नास-साठ हजारांच्या आत नवी फुल सस्पेन्शन शोधूच नका, असं माझं स्पष्ट मत. त्या पैशांत हार्डटेल घ्या, म्हणजे शॉकअप फक्त पुढे. पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा शॉकअपचा चिमटा, 100 ते 120 मिमी दबणारा, शक्यतो एअरचा, आणि दबल्यावर किती वेगाने परत वर यायचं ते ठरवणारी रिबाउंडची घुंडी पायाशी असलेला. ब्रेक हायड्रॉलिक डिस्क. हेडट्यूब, म्हणजे फोर्क जिच्यात बसतो ती फ्रेमची पुढची नळी, खाली रुंद होत जाणारी, म्हणजे पुढे चांगला फोर्क बसवायची सोय राहते. टायर 2.2 इंचांच्या वर. ट्यूबलेस करून हवा थोडी कमी ठेवली तर बारीक खडखड टायरच गिळतो. हवा किती कमी, ते तुमच्या वजनावर. खारघरच्या लाल मुरमावर अशी हार्डटेल त्या डबल शॉकरला चढावर आणि उतारावरही मागे टाकते.

फुल सस्पेन्शनच हवी असेल तर जुनी बघा, पण घाई नको. सीट धरून मागचं चाक जेमतेम जमिनीवरून उचला आणि टेकवा. ‘टक्’ असा बारीक आवाज आला की शॉकचे बुश नाहीतर बेअरिंग गेलेत. शॉकच्या चकचकीत दांड्यावरून नख फिरवा, ओरखडा नखाला अडकला तर तिथून हवा-तेल गळणार. सांध्यांजवळच्या वेल्डिंगवर रंगाला केसासारखी चीर दिसली तर सौदा तिथेच सोडा. शेवटची सर्व्हिस कधी झाली तेही विचारा. शॉकची हवेची बाजू साधारण दर 50 तासांच्या रायडिंगनंतर उघडून साफ करायची असते, आणि आपल्याकडच्या पावसाळी चिखलात त्याच्याही आधी. ‘गरजच पडली नाही कधी’ असं उत्तर आलं, तर शॉकच्या सर्व्हिसचा आणि सगळ्या बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करूनच बोली लावा.