मुंबईत सरकारी व्हीलचेअरसाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि माप

सरकारकडून व्हीलचेअर मोफत मिळते, एवढं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ती केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेतून, म्हणजे दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून मिळते. योजना १९८१ पासूनची आहे. अर्जदार भारतीय नागरिक हवा आणि दिव्यांगत्व किमान ४० टक्के हवं. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण मदत, त्यापुढे ३०,००० पर्यंत निम्मी. अर्जदार घरच्यांवर अवलंबून असेल तर पालकांचं उत्पन्न धरतात. तेच साधन गेल्या तीन वर्षांत सरकारी योजनेतून घेतलेलं नसावं. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ही अट एका वर्षाची आहे, कारण मूल वाढतं आणि खुर्ची वाढत नाही.

एक गल्लत नेहमी होते. गुडघे गेलेल्या आजीसाठी लोक अ‍ॅडिपचा अर्ज भरायला येतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसेल तर तो चालत नाही. साठीपुढच्यांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना वेगळी आहे, तिच्या अटीही वेगळ्या. तिकडे चौकशी करा.

प्रमाणपत्र म्हणजे आता युडीआयडी कार्ड, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. त्याच्या ‘स्वावलंबन कार्ड’ या पोर्टलवर फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा चढवायचा, रुग्णालय निवडायचं आणि बोलावणं आलं की तपासणीला जायचं. जे. जे., केईएम, सायन, नायर, कूपर ही नेहमीची ठिकाणं. कार्ड पिवळं आलं तर ४० ते ८० टक्क्यांच्या आत, निळं आलं तर ८० किंवा जास्त. पांढरं म्हणजे चाळीसच्या खाली. त्यावर व्हीलचेअर मिळत नाही.

कार्ड हातात आलं की बाकीचे कागद किरकोळ: आधार, रेशनकार्ड, पासपोर्ट आकाराचे फोटो, उत्पन्नाचा दाखला. दाखला तहसीलदारांचा घ्या, त्यावर सहसा कोणी शंका काढत नाही. ‘आपले सरकार’वर अर्ज करता येतो. आधारवर ‘सुनिता’ आणि कार्डावर ‘सुनीता’ असेल तर आधी ते सुधारून घ्या, नाहीतर शिबिराच्या टेबलावर अडकाल.

अर्ज हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत चौकशी करून देता येतो, किंवा दिव्यांगांची साधनं बनवणाऱ्या कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीच्या शिबिरात. शिबिरं दोन असतात, आधी तपासणीचं, मग वाटपाचं. तपासणीच्या शिबिराला अर्जदार स्वतः हवाच, त्याच्या जागी भाऊ किंवा मुलगा जाऊन उपयोग नाही.

आता माप. कागदांवर आपण जेवढी मेहनत घेतो त्याच्या निम्मी इथे घेतली तरी खुर्ची अंगणात गंजत पडणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये कमी साधनांच्या भागांत व्हीलचेअर कशी द्यावी याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०१२ मध्ये प्राथमिक प्रशिक्षण तयार केलं. ते सुमारे ३५ तासांचं आहे, आणि परदेशात खुर्च्या देणाऱ्या संस्था आपले स्वयंसेवक त्या धर्तीवर तयार करतात. खुर्ची उतरवून फोटो काढणं हा त्यात भागच नाही. तपासणी, माप, जुळवणी, वापरण्याचा सराव, नंतरची देखभाल असे आठ टप्पे आहेत. आपल्याकडच्या शिबिरात एवढा वेळ मिळत नाही, म्हणून काही गोष्टी घरूनच टिपून न्या.

अर्जदाराला कडक बाकावर ताठ बसवा. नितंबाची रुंदी मोजा, बैठक तेवढीच हवी. सैल खुर्चीत माणूस एका अंगाला झुकतो. पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत मोजून तीन ते सहा सेंटिमीटर वजा करा, ती बैठकीची खोली. टाच ते मांडीची खालची बाजू, यावरून पायटेकीची उंची. त्यात उशीची जाडी लक्षात घ्या. मग घराचं दार आणि मोरीचा उंबरठा मोजा. चाळीत खुर्ची खोलीत शिरते आणि मोरीपाशी अडते, हे मी कितीदा पाहिलंय!

पाठीच्या कण्याला इजा होऊन संवेदना गेलेली असेल तर उशीबद्दल तिथेच विचारा, संकोच करू नका. अशा माणसाला बसल्या जागी दुखत नाही, म्हणून बेडसोअर, म्हणजे सतत दाब पडून होणारी जखम, झालेला कळतही नाही. बैठकीची दोन हाडं जिथे टेकतात तिथली त्वचा रोज आरशात किंवा घरच्यांकडून बघून घ्यावी.

खुर्ची मिळाल्यावर पावती जपून ठेवा. पुढच्या वेळची तीन वर्षं मोजताना तीच मागतील.