प्रयोगशाळेतला पारा: वापरताना, सांडल्यावर, नको झाल्यावर

शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना काचसामान आणि उपकरणं पुरवणारं आमचं छोटं दुकान ठाण्यात वागळे इस्टेटला आहे. पाऱ्याबद्दल फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हाताला लागला, काही होईल का हो?" जखम नसेल तर कातडीतून पारा फारसा आत जात नाही. साबणाने हात धुवा, झालं. आमचा उलटा प्रश्न असतो, "सांडलेला सगळा मिळाला का?" यावर पलीकडून बहुतेक वेळा "हो, झाडून काढला" असं उत्तर येतं आणि आमच्या पोटात गोळा येतो. हे पत्रक त्या एका उत्तरापायी छापलं आहे.

झाडूने काय होतं ते पाहा. ४ मिलिमीटरचा एक थेंब फुटून १ मिलिमीटरचे झाले, तर ते ६४ होतात. पारा तेवढाच राहतो, पण हवेला उघडा पृष्ठभाग चौपट होतो. वाफ पृष्ठभागावरून निघते. म्हणजे झाडणाऱ्या मावशींनी मनापासून काम केलं आणि चौपट वाफेची सोय करून ठेवली. शिवाय तो झाडू उद्या दुसऱ्या वर्गात जाणार.

पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे साध्या हवेत तो उडत नाही असं अनेकांना वाटतं. उडतो. बंद जागेत २० अंशांना हवा पाऱ्याच्या वाफेने भरली तर घनमीटरला साधारण १३ मिलिग्रॅम वाफ मावते, ३० अंशांना जवळपास ३०. कामाच्या जागेसाठी धरली जाणारी एक प्रचलित मर्यादा आहे ०.०२५ मिलिग्रॅम. आता १ मिलिमीटरचा तो थेंब घ्या. त्याचं वजन सुमारे ७ मिलिग्रॅम. १० मीटर लांब, ६ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच अशा बंद लॅबमध्ये तो एकटा पूर्ण उडाला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. उडायला वेळ लागतो, खिडक्या उघड्या असतात, हे खरं. पण थेंब एकच नसतो, आणि ठाण्यातला मे महिना २० अंशांचा नसतो.

या वाफेला रंग नाही, वास नाही. श्वासावाटे गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के शरीरात राहते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉक यांनी पाऱ्याच्या उपकरणांवर वर्षानुवर्षं काम केलं. डोकेदुखी, थकवा, विसराळूपणा हे सगळं त्यांना होत होतं, पण कारण उमगायला फार उशीर झाला. १९२६ साली त्यांनी स्वतःचीच कहाणी प्रसिद्ध करून सहकाऱ्यांना सावध केलं. हळूहळू होणाऱ्या विषबाधेची खूण अशीच असते: बोटांना कंप, चिडचिड, झोप उडणं, हिरड्या सुजणं. लॅब असिस्टंटचा स्वभाव अलीकडे तापट झालाय असं म्हणून आपण मोकळे होतो.

आमच्याकडूनही चूक झालेली आहे. दुकानामागच्या खोलीत एका मुलाने बाटलीतला पारा टेबलावरच, खाली ट्रे न घेता, नळीत ओतायला घेतला. थोडा सांडला. आम्ही सगळ्यांनी मिळून गोळा केला आणि निर्धास्त झालो. काही महिन्यांनी लोखंडी कपाट सरकवलं, तर लादीच्या सांध्यात बारीक मण्यांची माळ चमकत होती. त्या कपाटाला टेकून आम्ही रोज डबा खात होतो. तेव्हापासून ट्रेशिवाय बाटलीचं बूच कुणी काढत नाही.

तर ट्रे घ्या. उभ्या कडांचा, जाड प्लॅस्टिकचा किंवा एनॅमलचा. ॲल्युमिनियमचा अजिबात नको. ॲल्युमिनियमवर जो पातळ संरक्षक थर असतो, तो एकदा खरवडला आणि तिथे पारा पोचला की धातू कापसासारखी पांढरी भुकटी होऊन झडायला लागतो. स्लायडिंग खिडक्यांच्या चौकटीही ॲल्युमिनियमच्याच असतात, म्हणून खिडकीच्या कठड्यावर पारा ठेवू नका. सोनं तर पारा बघताबघता पांढरं करतो. अंगठी, बांगड्या काढून ठेवा, मंगळसूत्र ॲप्रनच्या आत. अंगठी पांढरी पडलीच तर गॅसवर धरू नका. पारा जातो खरा, पण तुमच्या नाकातून जातो. पिशवीत बंद करून सोनाराकडे न्या आणि त्याला आधी सांगा.

वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. १ किलो पारा म्हणजे जेमतेम ७४ मिलिलिटर, कटिंगच्या ग्लासात मावेल एवढा. २५० मिलिलिटरचा बीकर काठोकाठ भरला तर ३ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास जातो, आणि काठाला धरून उचलला की हातात काठच राहतो. बाटली जाड प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची, तीही ट्रेमध्ये, सगळ्यांत खालच्या फळीवर. शेजारी अमोनिया नको. ॲसिटिलीनशीही संबंध नको. या दोन्हींबरोबर स्फोटक संयुगं होऊ शकतात.

बॉइलच्या नियमाचं (वायूचा दाब आणि आकारमान यांचा संबंध दाखवणारं) जुनं उपकरण किंवा फोर्टिन बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजायची पाऱ्याची उभी नळी, वापरात असेल तर नायट्राइल हातमोजे, पंखा बंद, खिडक्या उघड्या. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. मळका पारा नायट्रिक आम्लाने धुण्याची पद्धत जुन्या पुस्तकांत आहे. कृपया कॉलेजमध्ये करू नका. तपकिरी धूर येतो, आणि जे मिठासारखं संयुग तयार होतं ते पाण्यात विरघळतं, म्हणजे धातूपेक्षा जास्त घातक.

सांडलाच तर आधी मुलांना बाहेर काढा, आणि पाय पडलेले बूट दारातच काढायला लावा. एसी बंद, बाहेरच्या खिडक्या उघड्या, कॉरिडॉरचं दार बंद. गरोदर बाईंना या कामाला लावू नका. मग लॅबचे दिवे मालवून टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. वरून न दिसणारे थेंब आडव्या उजेडात चांदीच्या मोहरीसारखे लकाकतात. लग्नपत्रिकेचे दोन जाड तुकडे घेऊन थेंब एकमेकांकडे ढकला, मोठा झाला की सुई काढलेल्या सिरिंजने ओढा आणि घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत सोडा, वर बोटभर पाणी. उरलेले बारीक मणी चिकटपट्टीने टिपा. फटीत गंधकाची पूड भुरभुरवतात. तिने पाऱ्यावर थर धरतो, पण हे काम सावकाश होतं. गंधक टाकलं म्हणजे पारा संपला, असा हिशेब करू नका. व्हॅक्युम क्लीनर तर अजिबात नाही, तो गरम हवेबरोबर वाफ खोलीभर फेकतो. बेसिनमध्येही काही ओतू नका. खालच्या वाकड्या पाइपात पारा बसून राहतो आणि पुढे प्लंबरच्या अंगावर येतो.

हे सगळं एका थर्मामीटरपुरतं. बॅरोमीटर फुटला किंवा बाटलीच आडवी झाली, तर खोली बंद करा, कुलूप लावा आणि जाणकार माणसं बोलवा. गरम ओव्हनमध्ये थर्मामीटर फुटला तर दार उघडू नका. स्विच बंद करून बाहेर या, पूर्ण थंड होऊ द्या. फुटलेल्या काचेने बोट कापलं आणि जखमेत पारा गेला असेल, तर पट्टी बांधून घरी न पाठवता हॉस्पिटलमध्ये न्या, एक्सरेत तो दिसतो. थेंब गिळला तर घाबरून ओकारी काढू नका. धातूचा पारा पोटातून फारसा शोषला जात नाही, तरी डॉक्टरांना दाखवा. खोकला, दम, तोंडाला धातूची चव, ताप हे वाफ लागल्याचं लक्षण, त्याला उशीर नको.

आणि मुलांचे खिसे बघा. पेनाच्या टोपणात थेंब घालून घरी नेणारा एक तरी पोरगा प्रत्येक बॅचला असतो. लहानपणी आम्हीही तेच केलं होतं.

बाकी, हळूहळू पारा सोडा. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू आहे, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. बॉइलचा नियम सिरिंज आणि दाबमापकानेही नीट दाखवता येतो. साध्या तापमानाला स्पिरिटचा थर्मामीटर चालतो, द्रवणांकासारख्या वरच्या तापमानाला थर्मोकपलचा (दोन धातूंच्या तारांच्या सांध्याने तापमान मोजणारा) डिजिटल घ्या. ही सगळी उपकरणं आम्हीच विकतो, तेव्हा यात आमचा धंदा आहे हे उघड आहे. पण फोर्टिन बॅरोमीटर जागेवर, भिंतीला नीट बसवलेला आणि कुणी न छेडणारा असेल, तर तो काढायची घाई करा असं आम्ही म्हणणार नाही. काढतानाच जास्त सांडतो.

नको असलेला पारा आम्ही परत घेत नाही, तसा परवाना आमच्याकडे नाही. भंगारवाल्यालाही देऊ नका. तो धोकादायक कचरा ठरतो. २०१६ च्या नियमांनुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संस्थेकडेच तो जायला हवा. डबीवर "पारा", वजन आणि तारीख लिहून ठेवलीत तर त्यांचंही काम सोपं होतं.

मे महिन्याची सुट्टी संपली की पाऱ्याची स्टोअर रूम उघडून लगेच आत शिरू नका. दार-खिडक्या सताड उघडून, बाहेरच्या बाजूने पंखा लावून, तासभर चहापाणी करून या.

बॅरोमीटर दुरुस्तीला आणायचा असेल तर खालचा स्क्रू हळूहळू वर फिरवून नळी पाऱ्याने जवळजवळ भरून घ्या, मग सावकाश उलटा करा आणि उलटाच धरून आणा. सरळ उभा धरून रिक्षात बसलात तर पारा हिंदकळून वरची काच फोडतो. आणि निघण्याआधी फोन करा, म्हणजे ट्रे मांडून ठेवतो.