ट्युबिंगेनचा वेष्टनकर

ट्युबिंगेनचा वेष्टनकर : पार्सलसाठी दिल्या जाणाऱ्या, एकदाच वापरून फेकायच्या भांड्यांवर जर्मनीतील ट्युबिंगेन नगरपालिकेने १ जानेवारी २०२२ पासून लावलेला कर. पेला, वाडगा किंवा खोके असेल तर नगामागे ५० सेंट. काटा, चमचा, स्ट्रॉ यांना २० सेंट. कर भरतो तो विक्रेता. तो किमतीत चढवायचा की पदरचा सोसायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

ट्युबिंगेन हे नेकार नदीकाठी, श्टुटगार्टच्या दक्षिणेला वसलेले, सुमारे ९० हजार वस्तीचे विद्यापीठाचे गाव. विद्यार्थी जास्त, त्यामुळे चालता चालता खाणेही जास्त. महापौर बोरिस पाल्मर यांच्या कारकिर्दीत नगरसभेने जानेवारी २०२० मध्ये कराला मंजुरी दिली. पण लगेच कोविड आला, उपाहारगृहे नुसत्या पार्सलवर तग धरू लागली आणि अंमलबजावणी लांबणीवर पडली.

या कराची खरी मेख म्हणजे तो भांडे कशाचे आहे हे विचारत नाही. प्लॅस्टिक, कागद, ॲल्युमिनियम, उसाचे चिपाड, सगळ्यांना एकच दर. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लॅस्टिक व थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली, तेव्हा काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे : भाजी फॉइलच्या डब्यात आली, चहा कागदी कपात आला आणि कचऱ्याची पेटी पूर्वीसारखीच भरत राहिली. पदार्थावर बंदी घातली की पदार्थ बदलतो, सवय तशीच राहते. ट्युबिंगेनने सवयीवरच किंमत लावली.

नुसता कर लावून हात झटकले असते तर लहान दुकानदार भरडला गेला असता. म्हणून नगरपालिकेने अनुदानही ठेवले : परतीची, म्हणजे धुऊन पुन्हा वापरायची, भांडी घ्यायला ५०० युरोपर्यंत, ती धुण्याच्या यंत्रासाठी १,००० युरोपर्यंत. यंत्राला दिलेली मदत मला अधिक शहाणपणाची वाटते. भांडी विकत घेणे सोपे. ती घासायची कुठे आणि ठेवायची कुठे, यावर गाडी अडते. त्यातही पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकचा वाडगा चिनी मातीच्या बशीसारखा उष्णता धरून ठेवत नाही, म्हणून यंत्रातून ओलाच निघतो. तसाच एकात एक रचला तर कुबट वास येतो; पुसायला किंवा पसरून वाळवायला माणूस आणि जागा लागते. हळदीच्या रश्श्याचा पिवळा डागही त्यावरून सहजी जात नाही.

भांड्यांची व्यवस्था बरेच दुकानदार स्वतः करत नाहीत, सामाईक योजनेत शिरतात. म्युनिकच्या रीकप कंपनीच्या योजनेत ग्राहक कपामागे लहानशी आणि वाडग्यामागे मोठी अनामत ठेवतो आणि देशभरातील कोणत्याही सभासद दुकानात भांडे देऊन पैसे परत घेतो. दुकानदार कंपनीला ठरावीक वर्गणी देतो. गोटी सोड्याची बाटली परत करून डिपॉझिट घेतलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. कोलोनच्या व्हायटलची पद्धत निराळी : अनामत नाही, ॲपवर नोंद होते, १४ दिवसांत वाडगा परत आला नाही तर तो तुम्ही विकत घेतला असे धरतात. दुकानदार भरलेल्या वाडग्यागणिक पैसे देतो.

जर्मनीच्या केंद्र सरकारनेही १ जानेवारी २०२३ पासून पार्सल देणाऱ्या उपाहारगृहांवर परतीच्या भांड्यांचा पर्याय ठेवण्याची सक्ती केली, आणि त्यासाठी जादा दर घ्यायचा नाही असे बजावले. ८० चौरस मीटरपर्यंतची जागा आणि पाचपर्यंत कर्मचारी असलेल्या दुकानांना सूट. त्यांनी ग्राहकाच्या घरच्या डब्यात भरून दिले तरी चालते. पण सक्ती फक्त पर्याय ठेवण्याची. शिवाय पेयांचे पेले सोडले तर ती प्लॅस्टिकच्या वेष्टनापुरतीच आहे; पुठ्ठ्याचे खोके वापरणारा तिच्यातून अलगद सुटतो. वेष्टनकरात ही पळवाट नाही.

कर कोर्टात गेला. मॅकडोनाल्ड्सच्या स्थानिक फ्रँचायझीने दावा लावला आणि मार्च २०२२ मध्ये मानहाइमच्या न्यायालयाने कर रद्दही ठरवला. कासेल शहराचा असाच कर घटनात्मक न्यायालयाने १९९८ मध्ये मोडीत काढला होता, त्यामुळे पाल्मरांचेही तेच होणार असे अनेकांना वाटले. मात्र मे २०२३ मध्ये लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने कर मुख्यतः वैध ठरवला. पण एका जेवणामागे दीड युरोची कमाल मर्यादा उडवली. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निर्णयात घटनात्मक न्यायालयानेही फ्रँचायझीची तक्रार फेटाळली.

परिणामांबाबत मात्र एकमत नाही. परतीची भांडी ठेवणारी दुकाने वाढली, हे नगरपालिका अभिमानाने सांगते. ट्युबिंगेन विद्यापीठातील एका अभ्यासाला कचऱ्याच्या वजनात मोजण्याजोगी घट सापडली नाही. त्यावर नगरपालिकेचे म्हणणे असे की कागदी कप जागा व्यापतो, वजनात भरत नाही. कुंडी ओसंडते ती आकारामुळे. मुद्दा बिनतोड नसला तरी रास्त आहे.

लाइपझिगच्या निकालानंतर इतर शहरांना धीर आला. कॉन्स्टान्सने जानेवारी २०२५ पासून असाच कर लावला, फ्रायबुर्गने २०२६ पासून. बव्हेरिया राज्याच्या सरकारने मात्र २०२५ मध्ये आपल्या नगरपालिकांना असा कर लावण्यास मनाई करण्याचा निर्णय घेतला. रीकपचे म्युनिक त्याच बव्हेरियाची राजधानी.