गावचे स्की मैदान (जपान)

जपानच्या बर्फाळ प्रदेशात गावाने, नगराने किंवा गावकऱ्यांच्या संस्थेने चालवलेले, एक ते तीन लिफ्टचे (म्हणजे खेळणाऱ्यांना दोरावरच्या खुर्च्यांतून उतारावर चढवणाऱ्या यंत्रांचे) लहान स्की मैदान. निसेको, हाकुबा या मोठ्या स्की केंद्रांची नावे जगभर पोचली आहेत. पण बर्फाळ भागातले मूल स्की शिकते ते बहुधा घराजवळच्या अशाच एखाद्या उतारावर, शाळेच्या वर्गाबरोबर किंवा आईवडिलांच्या सोबतीने. त्याला पर्यटनकेंद्र म्हणण्यापेक्षा गावाची सार्वजनिक सोय म्हणणे अधिक योग्य ठरेल. वाचनालय आणि व्यायामशाळा यांच्याबरोबरच या उताराचाही खर्च नगराच्या अंदाजपत्रकात मांडलेला असतो.

हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे थंड, कोरडे वारे जपानचा समुद्र ओलांडतात. या समुद्रात दक्षिणेकडून त्सुशिमा हा उबदार प्रवाह येतो. त्यावरून जाताना वारे बाष्प उचलतात आणि होन्शू या जपानच्या मुख्य बेटाच्या डोंगररांगांना अडले की ते बर्फाच्या रूपाने टाकून देतात. सह्याद्रीला ढग अडून कोकणात पाऊस कोसळतो, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे निइगाता, नागानो, यामागाता, आकिता या भागांत समुद्रसपाटीपासून जेमतेम काहीशे मीटर उंचीच्या गावांतही माणसाच्या उंचीपेक्षा जास्त बर्फ साचतो. स्कीसाठी गुलमर्गसारखे अडीच हजार मीटरांवर जावे लागत नाही. शेतांच्या मागची टेकडी पुरते.

१२ जानेवारी १९११ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातील मेजर थिओडोर फॉन लेर्ख याने निइगातातील ताकादा (आजचे जोएत्सू) येथे जपानी सैनिकांना स्की शिकवायला सुरुवात केली. तो एकच लांब काठी वापरत असे. सैन्यातून ही विद्या फार लवकर गावांत उतरली. नागानोतील नोझावा ओन्सेन या गावात १९२३ मध्येच स्की क्लब निघाला. बर्फाळ गावांत हिवाळाभर शेती बंद असे आणि घरातले कर्ते पुरुष मजुरीसाठी तोक्योकडे जात. दुसऱ्या महायुद्धानंतर गावोगावी लिफ्ट उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांतल्या अनेकांना गावातच काम मिळाले. उन्हाळ्यात भात लावणारा शेतकरी हिवाळ्यात लिफ्ट चालवू लागला, त्याच्या घरच्यांनी पाहुण्यांना खोल्या दिल्या. मला या मैदानांचे सर्वांत मोठे श्रेय हेच वाटते: त्यांनी हिवाळ्यात कुटुंबे एकत्र ठेवली.

पर्यटनकेंद्रे उभारायला उत्तेजन देणाऱ्या १९८७ च्या रिसॉर्ट कायद्यानंतर मोठ्या भांडवलाची स्की केंद्रे भराभर उभी राहिली. १९९० च्या दशकात स्की आणि स्नोबोर्ड करणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ८० लाखांवर गेली होती. पुढे ती त्याच्या पावपटीच्या आसपास आली. याचा मार लहान मैदानांना अधिक बसला. ती कमी उंचीवर असतात आणि कृत्रिम बर्फाची यंत्रे त्यांतल्या बहुतेकांना परवडत नाहीत. २०१९-२० सारख्या अत्यल्प बर्फाच्या हिवाळ्यात त्यांचे हाल झाले. त्यात गावातली मुलेच कमी होत चालली आहेत. लिफ्टचा जुना दोर किंवा मोटर बदलायची वेळ आली की नगरसभेत मैदान चालू ठेवायचे की नाही, हा प्रश्न उभा राहतो. अनेक ठिकाणी उत्तर ‘नाही’ असे आले आणि तेथील शाळांना स्कीचा तास घ्यायला मुलांना बसने शेजारच्या नगरात न्यावे लागते.

केवळ तिकिटांच्या जमाखर्चावरून असा निर्णय घेणे योग्य नाही, हे होक्काइदो या उत्तरेकडच्या बेटावरील शिमोकावा दाखवून देते. सुमारे ३,००० वस्तीच्या या नगराच्या छोट्या स्की मैदानाला लागूनच लहान मुलांपासून मोठ्यांपर्यंत सर्वांसाठी वेगवेगळ्या आकारांचे स्की-जंप (स्कीवरून लांब उडी घेण्याचे उतार) आहेत. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातला ताकानोबू ओकाबे इथलाच. नोरिआकी कासाई हाही इथलाच. तो १९९२ ते २०१८ दरम्यान सलग आठ हिवाळी ऑलिंपिक खेळला आणि २०१४ मध्ये सोची येथे वयाच्या ४१ व्या वर्षी त्याने वैयक्तिक रौप्यपदक मिळवले.

हंगाम साधारणपणे डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत चालतो. होक्काइदोत थोडा अधिक. तो सुरू होण्याआधी शिंतो पुजारी बोलावून लिफ्टपाशी सुरक्षिततेसाठी प्रार्थना करण्याची पद्धत आहे. दिवसाचे तिकीट बहुधा २,००० ते ३,५०० येनच्या घरात असते, आणि थोडाच वेळ खेळणाऱ्यांसाठी ठरावीक फेऱ्यांची तिकिटे मिळतात. स्की, बूट, काठ्या आणि कपडेही भाड्याने मिळतात. पायथ्याशी घसरगाडीसाठी दोरी लावून वेगळा केलेला सपाटसा उतार असतो. तेथे दोन-तीन वर्षांची मुलेही खेळतात. लिफ्टवरचा कर्मचारी हातातल्या आखूड झाडूने प्रत्येक येणाऱ्या खुर्चीवरचा बर्फ झटकतो, लहान मूल दिसले की लिफ्टचा वेग कमी करतो आणि त्याला उचलून बसवतो. गर्दीच्या मोठ्या केंद्रावर एवढी निगुती सहसा मिळत नाही. खाली विश्रांतीगृहात तातामीची, म्हणजे गवती चटयांची खोली असते. बूट बाहेर काढून कुटुंबे तेथे पथारी टाकतात, घरचा डबा उघडतात, तान्ह्यांना झोपवतात. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

तोक्योत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना निइगातातील युझावाचा परिसर सोयीचा. जोएत्सू शिन्कानसेन या वेगवान रेल्वेने तो सुमारे सव्वा ते दीड तासावर आहे. दूरच्या मैदानांसाठी मात्र गाडी हवी, तीही बर्फाच्या टायरांची. काही मैदाने आठवड्यातून एक-दोन दिवस बंद असतात आणि रोख पैसे जवळ असलेले बरे. शाकाहारी मंडळींनी उपाहारगृहावर विसंबू नये. तिथल्या करी-भातात मांस असते आणि उदोन या जाड शेवयांचे पाणी माशांच्या अर्काचे असते. पोळी-भाजीचा डबा बांधून न्यावा. तातामीच्या खोलीत तो उघडला तर कोणाला वावगे वाटत नाही.