आयन मोजणाऱ्या जाळ्या: स्पुटनिक-3 ते पोएम

आयनांबराचा अभ्यास जमिनीवरून सुरू झाला. 1924 मध्ये एडवर्ड ॲपल्टन यांनी परतून आलेल्या रेडिओलहरींवरून हा विद्युतभारित थर दाखवून दिला आणि पुढची तीस-एक वर्षं बहुतेक माहिती याच मार्गाने मिळत गेली. मात्र साधारण 300 किलोमीटरवरच्या सर्वांत दाट थराला भेदून गेलेली लहर परत येत नसे. त्यामुळे त्याच्या वर काय आहे, हे कळायचं तर उपकरणच तिथे न्यायला हवं होतं.

15 मे 1958 रोजी सोडलेल्या सोव्हिएत स्पुटनिक-3 वर कॉन्स्टंटिन ग्रिंगाउझ यांनी जाळीचे पोकळ गोल बसवले होते. आत शिरलेल्या आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, प्रवाह मोजायचा, एवढंच त्यांचं काम. नोव्हेंबर 1960 मध्ये अमेरिकेचा एक्सप्लोरर-8 गेला. सौरघटांमुळे मोजमाप बिघडू नये म्हणून तो निव्वळ बॅटरीवर चालवला आणि दोनेक महिन्यांत थांबला. अचूकतेसाठी आयुष्य कमी करण्याचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

याच काळात रिटार्डिंग पोटेन्शियल ॲनालायझर, म्हणजे जाळीवरच्या विद्युतदाबाने आयन अडवून मोजणारं उपकरण, रुळलं. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतो, आयनांच्या स्वतःच्या हालचालीपेक्षा कितीतरी वेगाने. म्हणून ते उपकरणाच्या तोंडावर समोरून आदळतात. वेग जवळपास सारखाच असल्याने जो आयन जड, त्याची ऊर्जा जास्त. जाळीवरचा धन विद्युतदाब हळूहळू वाढवला की आधी हायड्रोजन अडतो, मग हेलियम. ऑक्सिजन थोपवायला सुमारे 5 व्होल्ट लागतात. प्रवाह कुठे, किती उतारानं घटतो यावरून आयनांचा प्रकार, संख्या आणि तापमान तिन्ही निघतात. इतक्या साध्या रचनेतून एवढं हाती लागतं, याचं आजही नवल वाटतं.

भारतासाठी हा विषय घरचाच, कारण चुंबकीय विषुववृत्त (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जिथे जमिनीला समांतर असतं ती रेषा) केरळातल्या थुंब्याजवळून जातं. 1963 मध्ये अग्निबाण उडवण्यासाठी ती जागा निवडली गेली ती यामुळेच. 1975 च्या आर्यभट्टवरही आयनांबराचा प्रयोग होता, पण वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने काही दिवसांतच तो बंद पडला. ती कसर स्रॉस-सी2 ने भरून काढली. 4 मे 1994 रोजी एएसएलव्ही या भारतीय अग्निबाणाने सोडलेल्या या छोट्या उपग्रहावर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे ॲनालायझर होते. सौर चक्राच्या, म्हणजे सूर्याच्या सक्रियतेतल्या चढउताराच्या, किमान अवस्थेपासून कमाल अवस्थेपर्यंतच्या वर्षांत त्यांनी आयन आणि इलेक्ट्रॉनांचं तापमान नोंदवलं. उपग्रह 2001 मध्ये वातावरणात परतला, पण त्या नोंदींवर शोधनिबंध पुढेही येत राहिले.

त्याच जातीचं उपकरण तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ विज्ञान संस्थेने नव्याने बनवलं. एरिस नावाचं हे उपकरण 2019 मध्ये पीएसएलव्ही-सी45 च्या चौथ्या टप्प्यावर बसून गेलं आणि 2023 मध्ये त्याची पुढची आवृत्ती पोएम-2 वरून, म्हणजे प्रयोगांसाठी कक्षेतच ठेवलेल्या अशाच चौथ्या टप्प्यावरून.