डच भाषेतील दीर्घ सामासिक शब्द : अक्षरविभाजन व उच्चार

डच भाषेत समास मध्ये जागा न सोडता सलग लिहितात. त्यामुळे शब्दाची लांबी डोळ्यांना दडपून टाकते. मात्र घटकपदांची सीमा सापडली की अक्षरविभाजन (शब्द उच्चारातल्या तुकड्यांत, म्हणजे अक्षरांत, तोडणे) आणि उच्चार दोन्ही सुटतात.

साध्या शब्दात दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या अक्षरात जाते, म्हणून ‘कामर’ (खोली) हा शब्द का-मर असा तुटतो. समासात हा नियम पदसीमा ओलांडत नाही. ‘संध्याकाळ’ आणि ‘खाणे’ या अर्थाच्या पदांपासून झालेला ‘आव्हॉन्ट-एटन’ (रात्रीचे जेवण) हा शब्द सीमेवरच तोडतात. पूर्वपदाच्या शेवटी ‘ड’ लिहिलेला असूनही पदान्ती घोष व्यंजन (‘ड’, ‘ग’ यांसारखे) अघोष (‘ट’, ‘क’ यांसारखे) होत असल्याने ऐकू येतो तो ‘ट’. उलट ‘झाक’ (खिसा) आणि ‘डूक’ (कापड) यांचा समास ‘झाग्डूक’ (हातरुमाल) असा उच्चारला जातो. वाक् + देवी = वाग्देवी हा संधी येथे सहज आठवतो; फक्त डचमध्ये तो लेखनात दिसत नाही आणि स्वरापुढे होत नाही.

विक्रमी लांबीचे शब्द कोड्यांपुरतेच असतात; खरी कसोटी विम्याच्या कागदपत्रांत लागते. काम करण्यास असमर्थ ठरणाऱ्याला मिळणाऱ्या विम्याचे डच नाव 33 अक्षरचिन्हांचे आहे, पण उच्चारात त्याची दहाच अक्षरे होतात : आर-बेइट्स-ऑन-ख-स्खिक्ट-हेइट्स-फर-झे-क-रिंग. यातला जोडणारा ‘स’ दोन्ही ठिकाणी डावीकडच्या पदाला चिकटतो आणि त्याच्या प्रभावाने पुढचा ‘व्ह’ हा ‘फ’ होतो. दुसरा जोडवर्ण ‘न’ याच्या लेखनाचे नियम 1995 च्या शुद्धलेखन-सुधारणेत बदलले; ‘पानकूक’ (घावनासारखा पदार्थ) या शब्दात तेव्हापासून ‘न’ जास्तीचा लिहितात, परंतु प्रमाण उच्चारात तो बहुधा ऐकू येत नाही.

सीमा चुकली तर अर्थही बदलतो. एकाच लेखनाचा ‘मासाझ-बेट’ म्हणजे मालिशचा पलंग, तर ‘मासा-खबेट’ म्हणजे सामूहिक प्रार्थना; येथे तर मधल्या व्यंजनाचा उच्चारही निराळा होतो. यंत्राने ओळ तोडताना असे शब्द हमखास फसवतात.

मुख्य आघात बहुतेक वेळा पहिल्या पदावर आणि दुय्यम आघात पुढच्या पदांवर असतो. ‘स्टाटहॉयस’ (नगरभवन) सारख्या काही शब्दांत मात्र तो उत्तरपदावर येतो, आणि असे शब्द पाठच करावे लागतात.