पार्श्वभूमी : मिड-सेंच्युरी घरातली जेवणाची जागा आणि स्वयंपाकघराची भिंत

मिड-सेंच्युरी मॉडर्न, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातल्या आधुनिक धाटणीची जेवणाची जागा करायची म्हटलं की आज पहिला घण स्वयंपाकघराच्या भिंतीवर पडतो. सोफा, जेवणाचं टेबल आणि शेगडी एका नजरेत दिसली की ‘ओपन प्लॅन’ साधला, असं धरलं जातं. त्या काळातल्या घरांचे नकाशे पाहिले तर चित्र वेगळं दिसतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत जी भिंत खरोखर गेली, ती बैठक आणि जेवणघर यांच्या मधली. स्वयंपाकघराची भिंत कुठे खांद्याइतकी उतरली, कुठे सरकती झाली, कुठे तिच्या जागी दोन्ही बाजूंनी उघडणारं कपाट आलं. ती समूळ नाहीशी झाली मोजक्या घरांत, आणि फोटोंमधून सगळ्यांच्या डोक्यात बसली ती नेमकी हीच घरं.

जेवणघर मोकळं करण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. शिकागोच्या रॉबी हाउसमध्ये (१९१०) बैठक आणि जेवणाची जागा एकाच लांब दालनात आहे; मध्ये उभी आहे फक्त फायरप्लेस. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या टुगेंडहाट व्हिलात (१९३०) टेबलाला मॅकॅसर एबनी लाकडाच्या अर्धगोल भिंतीचा आडोसा आहे, पण खोली म्हणावी असं काही नाही. दोन्ही घरं नोकरचाकर बाळगणाऱ्यांची. स्वयंपाक दाराआड चालायचा आणि तो तिथेच राहावा, यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

सामान्य माणसाच्या घरात तर वाटचाल उलटी होती. १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखलं गेलं, ते साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं होतं आणि तशी सुमारे १०,००० बसवली गेली. रांधणं, जेवणं, बसणं सगळं एकाच खोलीत, ही कामगार कुटुंबांची जुनी रीत मोडून स्वयंपाक वेगळा काढणं हीच तेव्हाची आधुनिकता. शेजारच्या खोलीतल्या मुलांवर लक्ष राहावं म्हणून मध्ये सरकतं दार ठेवलं होतं. तरीही ही खोली एका वेळी एकाच माणसाची, म्हणजे बाईची, आणि ती तिथे एकटी पडते, अशी टीका पुढे झाली. ती टीका मला रास्त वाटते.

अमेरिकेतल्या मॅडिसन गावी १९३७ मध्ये एक छोटं घर उभं राहिलं. वास्तुकाराच्या मानधनासह त्याचा खर्च सुमारे ५,५०० डॉलर होता. त्यात जेवणघर नव्हतंच. टेबल होतं स्वयंपाकाची जागा आणि बैठक यांच्या सांध्यात, एका कोनाड्यात. या धर्तीच्या घरांत स्वयंपाकाच्या जागेचं छत बाकीच्या घरापेक्षा उंच नेऊन वर खिडक्या ठेवल्या जात, म्हणजे वास आणि वाफ वरच्या वर निघून जाई. ओटा टेबलाच्या जवळ आणायचा, पण त्याचा धूर टेबलावर येऊ द्यायचा नाही, हा विचार तिथे पक्का झालेला दिसतो.

युद्धानंतर बांधकामाच्या पद्धती अनुकूल झाल्या. छप्पर खांब-तुळयांवर तोललं गेलं की आतल्या भिंतींवर भार उरत नाही. जमिनीच्या स्लॅबमधल्या नळ्यांतून गरम पाणी खेळवता आलं, तेव्हा एकेक खोली बंद करून ऊब राखायचीही गरज संपली. घरात मोलकरीण ठेवणं मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. आणि जागा अपुरी होती: न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमधली १९४७ ची घरं ७५० चौरस फुटांची, त्यात स्वतंत्र जेवणघर कुठून येणार?

खरा वाद इथून पुढे पेटतो. शेगडी टेबलावरून दिसावी का? एक पक्ष म्हणे, रांधणाऱ्या बाईला गप्पांतून वगळू नका, तिला मुलं दिसू द्या. दुसऱ्याचं म्हणणं, पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर खरकटी भांडी नकोत. बहुतेक वास्तुकारांनी मधला मार्ग काढला. भिंतीत खिडकीएवढी फट ठेवून पलीकडे ताटं सरकवायची, वर सरकती फळी. १९४५ मध्ये एका लोकप्रिय अमेरिकी साप्ताहिकात भिंतीच्याच जाडीत कपाटं बसवण्याची कल्पना झळकली आणि तिने लोकांना वेड लावलं. भांडी एका बाजूने ठेवायची आणि दुसऱ्या बाजूने काढायची, असं कपाट मग भिंतीचं काम करू लागलं.

टोकाची उदाहरणं तपासण्यासारखी आहेत. इलिनॉयमधलं फार्न्सवर्थ हाउस (१९५१) चारही बाजूंनी काचेचं, पण त्यातला ओटा मधल्या लाकडी गाभ्याच्या मागे आहे; बसायच्या जागेतून तो दिसत नाही. कनेटिकटमधल्या ग्लास हाउसमध्ये (१९४९) स्वयंपाकघर म्हणजे एक बुटकं कपाट, वर झाकणं. पण त्या घरात रोज चार माणसांचा स्वयंपाक होत नव्हता. लॉस एंजेलिसच्या टेकडीवरचं केस स्टडी हाउस क्रमांक २२ (१९६०) मात्र खरोखर उघडं आहे, आणि आजच्या कल्पनेवर त्याच्या फोटोची छाप इतर कशाहीपेक्षा जास्त आहे. त्याच कॅलिफोर्निया राज्यात एका बिल्डरने १९४९ ते १९७४ या काळात सुमारे ११,००० मोकळ्या आखणीची घरं बांधली. सामान्य कुटुंबांचा अनुभव कळतो तो अशा घरांतून. तिथे ओटा आणि टेबल यांच्यात बुटकी कपाटं असत, आणि काही घरांत ओट्याला जोडलेलं, हवं तेव्हा फिरवून बाहेर काढायचं टेबल.

भिंत गेल्यावर फर्निचरवर नवी जबाबदारी आली. बंद जेवणघरात टेबल वरून दिसतं; मोकळ्या दालनात ते सोफ्यावरून, म्हणजे खालून आणि बाजूने दिसतं. १९५७ मध्ये बाजारात आलेलं एकाच खांबाचं गोल टेबल याच अडचणीवरचं उत्तर आहे: त्याच्या रचनाकाराला टेबलाखालची पायांची गिचमिड संपवायची होती. खुर्चीची पाठही आता समोरून दिसते, म्हणून ती पोकळ हवी. १९४९ ची डॅनिश विशबोन खुर्ची पाहा. तिच्या पाठीतून पलीकडची खोली दिसते, आणि तिची बसायची जागा विणायला सुमारे १२० मीटर कागदी दोरी लागते. दिव्याचंही तसंच. १९५८ चा पीएच ५ दिवा ५० सेंटिमीटर व्यासाचा, आणि त्याच्या शेड अशा रचल्या आहेत की बल्ब कुठल्याच कोनातून डोळ्यांत जात नाही. टेबलापासून साधारण ६० सेंटिमीटरवर तो टांगला की प्रकाशाचं वर्तुळच जेवणाची जागा आखून देतं.

सत्तरच्या दशकात ही शैली मागे पडली. १९८४ मधल्या एका पुस्तकाने तिचं आजचं नाव रूढ केलं, पण त्याचा भर पन्नासच्या दशकातल्या फर्निचरवर होता. त्यामुळे नव्वदनंतर पुनरुज्जीवन झालं ते खुर्च्यांचं. नकाशे मागेच राहिले. त्याच सुमारास मोठ्या घरांत मधोमध ओट्याचं बेट ठेवायची पद्धत पसरली आणि दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या. निमुळत्या पायांचं टेबल अन् मागे तीन मीटरचं बेट, भोवती एकही आडोसा नाही, हे चित्र आज मिड-सेंच्युरी म्हणून विकलं जातं. ते नव्वदीनंतरचं आहे. मूळ घरं विकत घेणारेसुद्धा तिथली बुटकी कपाटं पहिल्यांदा तोडतात, हे पाहून वाईट वाटतं; त्या घरातला सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग तोच होता.

२०२० नंतर जेवणाच्या टेबलावर कचेरी आणि शाळा दोन्ही आली, तेव्हा कुकरच्या शिट्टीचा आणि मिक्सरचा आवाज किती जवळून येतो ते लोकांना कळलं. सरकती दारं आणि उभ्या लाकडी पट्ट्यांचे आडोसे पुन्हा मागितले जाऊ लागले. पट्ट्यांपेक्षा बुटकं कपाट उपयोगी, कारण त्यात ताटंही मावतात. त्याची उंची साधारण १.३ मीटर ठेवावी: टेबलाशी बसलेल्याला पलीकडचा ओटा दिसत नाही, आणि ओट्याशी उभ्या असलेल्याला टेबलावरचे सगळे दिसतात.